शंभराचे चौऱ्याऐंशी

९ फेब्रुवारी १९७८

संस्कृती भवनाच्या छताखालची नवी नक्षीपट्टी आज सकाळी कोसळली. झाडलोट करणाऱ्या अनार खालाच्या मांडीवर तुकडा पडून हाड मोडलं. उद्घाटनाला महिनासुद्धा झाला नाही. मी नववीचा वर्ग घेऊन गेलो होतो तेव्हा. भाषणं संपेपर्यंत पाय गारठून गेले होते. भिंतींच्या कोपऱ्यांत पांढरं काहीतरी चमकत होतं. नक्षी समजून मी बोट लावलं, तर बर्फ! बांधकाम खात्याचे प्रमुख सलोमोव व्यासपीठावरून सांगत होते की काम ठरल्या तारखेच्या आधीच संपवलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. तेवढेच हात गरम झाले.

आता हे कुणाच्या तरी गळ्यात मारतील. माझं काय जातं?

१३ फेब्रुवारी

सलोमोव स्वतः घरी आले. इतकी वर्षं रस्त्यात समोर आले तरी या माणसाला मी दिसत नव्हतो. आज बकऱ्याची मांडी घेऊन आत आले, बूट काढले, गादीवर मांडी ठोकली आणि म्हणाले, "दोमला, तुमच्यासारखा रसायनाचा पंडित गावात असताना आम्ही बाहेरून तज्ज्ञ बोलवायला निघालो होतो! लाज वाटली हो मला." गुरुजींना म्हणतात तसं मला 'दोमला' म्हणायची त्यांची ही पहिलीच वेळ.

गोष्ट अशी. नक्षीपट्टी गंचाची होती. कोकतोशच्या डोंगरात जिप्समचा दगड निघतो. तो भाजून, दळून गंच करतात आणि त्याचा गिलावा चढवतात. भाजायचं काम म्हातारा कारागीर उस्ता तोशमत आणि त्याचा मुलगा झोकिर करतात. त्यांनी गंचात माती घातली असा सलोमोवना संशय आहे. त्यांची मजुरी निघणाऱ्या वजनावर असते. तपासनीस म्हणतो संशय पुरत नाही, शास्त्राचा आधार हवा.

"शास्त्र काय, हो म्हणेल नाहीतर नाही म्हणेल," मी म्हणालो.

"म्हणून तर तुमच्याकडे आलो," सलोमोव म्हणाले. निघताना त्यांनी आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या निवृत्तीचा विषय काढला. सहजच.

ते गेल्यावर ओयदिन मांस कापत म्हणाली, "अहो, एवढी वर्षं शिकवताय, कधी कुणी हाडूक तरी आणलं का?"

"म्हणजे तुझं म्हणणं काय?"

"काही नाही. कांदा संपलाय."

आमच्या बायकोचं हे असं. नवऱ्याला मान मिळाला की हिच्या नाकाला मिरच्या झोंबतात.

१६ फेब्रुवारी

आकडेमोड झाली. आठवीतलं पोरही करील, फक्त ते करायचं सुचायला हवं. जिप्समच्या एका रेणूत पाण्याचे दोन रेणू बांधलेले असतात. भाजलं की दीड उडून जातो, अर्धा राहतो. समीकरण संतुलित केलं, रेणुभार मांडले: १७२ भाग दगडातून १४५ भाग गंच. म्हणजे शंभर किलोतून चौऱ्याऐंशी किलो तीनशे ग्रॅम. एक ग्रॅम जास्त नाही.

भट्टीवर काय निघतं? दर शंभराला नव्वदच्या आसपास. दरवेळी! मग वरचे पावणेसहा किलो काय आभाळातून पडले?

वहीतला आकडा बघून मला जो आनंद झाला तो इथे लिहायला हरकत नाही. आयुष्यभर फळ्यावर समीकरणं लिहिली आणि पुसली. कुणाला काडीचा फरक पडला नाही. आज पहिल्यांदा एक समीकरण भिंतीबाहेर पडलं.

२१ फेब्रुवारी

तपासनिसाच्या खोलीत फळा लावला होता. उस्ता तोशमतला समोर बसवलं होतं. वाकलेला, भुवयांतसुद्धा पांढरी भुकटी बसलेला माणूस. झोकिर दाराशी उभा होता.

मी हळूहळू, पोरांना समजावतो तसं समजावलं. उस्ता कान देऊन ऐकत होता. मान्य करतो, माझ्या नववीच्या वर्गापेक्षा चांगलं ऐकत होता.

"म्हणजे दोमला, भाजताना जे जातं ते सगळं पाणीच?"

"पाणीच."

"आणि ते कधी कमी, कधी जास्त असं जात नाही?"

"उस्ता, हा नियम आहे. निसर्ग लाच खात नाही."

तपासनीस हसला. सलोमोवही हसले. उस्ता हसला नाही.

"मग हे जे जास्त भरतं..."

"ते बाहेरून आलेलं. कुणीतरी घातल्याशिवाय येत नाही."

"दगड जसा येतो तसा आम्ही भाजतो," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. मग त्यानं मागे वळून दाराकडे, झोकिरकडे पाहिलं. किती वेळ पाहत राहिला! पोरगा गोंधळून खाली बघायला लागला. अपराधी माणसाची नजर अशीच सैरभैर होते, हे मी आज प्रत्यक्ष पाहिलं.

मी अहवालावर सही केली. परतताना सलोमोव म्हणाले, "निसर्ग लाच खात नाही! वा! हे आम्हाला का नाही सुचत?"

रात्री जेवताना ओयदिनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या बापाच्या घराला त्याच म्हाताऱ्यानं गंच दिला होता. अजून टवका उडालेला नाही."

"तेव्हा माणूस चांगला असेल."

"हो ना. आणि आता हिवाळा चांगला नव्हता," ती म्हणाली आणि उठून गेली. हिचं बोलणं कुठून निघून कुठे जातं, कळायला मार्ग नाही.

२७ फेब्रुवारी

झोकिर शाळेत आला होता. माझाच जुना विद्यार्थी, रसायनात ढ. डोळे तांबारले होते.

"दोमला, एकच विचारायचंय. ते गणित चुकू शकतं?"

"समीकरण दोन्ही बाजूंनी जुळतं. चुकायला जागाच नाही."

"मी कधी मूठभर माती घातली नाही. भाकरीची शपथ."

"मग तू नसशील घातली," मी म्हणालो. "भट्टीवर तुम्ही दोघंच असता."

तो वळला. खिडकीतून मैदान बघत राहिला. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "भट्टी उघडायच्या दिवशी बाबा मला बाजारात पिटाळायचे. 'जा, तंबाखू घेऊन ये, तू असलास की मला सुचत नाही.' मला वाटायचं, म्हाताऱ्याचा चक्रमपणा."

"हे तू तपासनिसाला सांगायला हवं."

"बापाविरुद्ध?"

"खऱ्याच्या बाजूनं," मी म्हणालो. वाक्य बरं जमलं. पण पोरगा पायऱ्या उतरून गेला तेव्हा का कोण जाणे, ते मला तितकंसं बरं वाटलं नाही.

४ मार्च

झोकिरनं जबाब दिला. आणि काल उस्तानं गुन्हा कबूल केला! "माती मी घातली, मुलाला काही ठाऊक नाही," एवढंच बोलला म्हणे, आणि अंगठा उठवला. कुणी हातसुद्धा लावला नव्हता त्याला. तपासनीस म्हणतो, असा सरळ आरोपी बघितला नाही.

पोटच्या पोरानं साक्ष दिल्यावर माणूस खचणारच. असो. शास्त्र खरं ठरलं. सलोमोवनी फोन करून माझं अभिनंदन केलं, जसं काही माझ्या घरी बारसंच आहे.

१२ मार्च

हुकूम आला. उन्हाळी सुट्टीनंतर मी मुख्याध्यापक. ओयदिननं पलाव केला, शेजाऱ्यांना बोलावलं, सगळ्यांसमोर गोड बोलली. शेजारी गेल्यावर भांडी घासताना म्हणाली, "अनार खालाच्या मांडीत खिळा घातलाय. मी जाऊन आले. तुम्ही गेलात का?"

जाईन.

२२ मार्च

आजचा दिवस लिहू नये असं वाटतं, पण मग ही वही काय हिशोबाला ठेवली आहे?

नववीला वस्तुमानाचा धडा होता. म्हटलं, गावात गाजलेलं उदाहरण पोरांना प्रत्यक्ष दाखवावं. रविवारी मुद्दाम कोकतोशला गेलो आणि डोंगराच्या कड्यातून स्वतःच्या हातोडीनं दगड फोडून आणला. भट्टीजवळचा नाही, उस्ताचा हात लागलेला नाही. वर्गात तो कुटला, शंभर ग्रॅम मोजून तव्यावर घेतला, जपून भाजला. फळ्यावर आधीच लिहून ठेवलं होतं: ८४.३. पोरांना म्हटलं, आता बघा, काटा कुठे थांबतो.

काटा एकोणनव्वदवर थांबला. वर थोडं.

आणखी भाजलं. पुन्हा तोललं. तेच.

मागच्या बाकावरची नासिबा म्हणाली, "दोमला, डोंगरानंच माती घातली वाटतं!" आणि सगळा वर्ग खो खो हसला. मी तिला बाहेर काढलं. काटा जुना आहे म्हणालो. घंटा होईपर्यंत फळा पुसत राहिलो.

२३ मार्च

काटा जुना नाही. बाजारात मसालेवाल्याच्या काट्यावर वजनं पडताळून आणली.

शाळा सुटल्यावर दगडाची भुकटी गरम आम्लात ढवळली. जिप्सम विरघळलं. तळाला राहिला पिवळट गाळ. गाळून, वाळवून मोजला: जवळजवळ एक तृतीयांश. चिकणमाती. साधी, दगडात मुळातच मिसळलेली, डोंगर झाला तेव्हाची चिकणमाती. तिच्यातलं पाणी एवढ्या आचेला उडत नाही, म्हणून वजन जास्त भरतं. गणित पुन्हा मांडलं, दगडाच्या दोन तृतीयांशासाठी. एकोणनव्वद आणि थोडं. अगदी बरोबर.

समीकरण चुकलं नव्हतं. समीकरणाला शुद्ध जिप्सम लागतं, आणि दगड शुद्ध आहे का हे मी कुणालाच विचारलं नव्हतं. पुस्तकात दगड शुद्धच असतो. मी आयुष्यभर पुस्तकातलाच दगड भाजत आलो.

 

२५ मार्च

सलोमोवना भेटलो. सगळं सांगितलं. त्यांनी पिआल्यात चहा ओतला, माझ्यापुढे सरकवला.

"दोमला, तुम्ही जे फळ्यावर लिहिलंत ते खोटं होतं का?"

"नाही. पण..."

"आणि त्यानं कबुली दिली, ती तुम्ही त्याच्याकडून मारून घेतलीत का?"

"नाही."

"मग?" ते हसले. "बघा, उस्तानं माती घातली नाही असं ठरलं, तर लोक विचारणार की पट्टी पडली कशानं. मग हिवाळ्यात गिलावा का केला, कुणी करायला लावला, कोणत्या उत्सवासाठी, हे निघणार. तिथे माझं नाव आहे, जिल्ह्याचं आहे, आणि खाली तुमची सही आहे. तुम्ही मुख्याध्यापक व्हायचं की साक्षीदार?"

मी चहा प्यायलो. तो बर्फ मी बोटानं पाहिला होता. ओल्या भिंतीवरचा गिलावा गोठला, की वितळताना सुटतोच. हे मला आज, त्यांच्या तोंडून कळावं! आणि ओयदिन तर फळ्याच्या त्या रात्रीच म्हणाली होती की हिवाळा चांगला नव्हता.

"कोर्टात काय बोलायचं ते मी ठरवीन," मी म्हणालो. छाती काढून म्हणालो. पण चहा संपवूनच उठलो.

११ एप्रिल

बोललो. मी बोललो, हे इथे लिहून ठेवतो.

न्यायाधीश बाईंनी विचारलं, "तज्ज्ञांना आपल्या अहवालात काही बदल करायचा आहे का?" सलोमोव पहिल्या रांगेत बसले होते. मी उभा राहिलो. म्हणालो, "समीकरण योग्यच आहे. तथापि नैसर्गिक दगडात काही प्रमाणात चिकणमाती असण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही."

"म्हणजे आरोपीनं माती घातली नाही, असं म्हणायचंय?"

"तसं ठामपणे नाही. शक्यता म्हणून."

ओयदिन मागे बसली होती. घरी आल्यापासून बोललेली नाही. पण शास्त्राची भाषा अशीच असते, ती काय तिला कळणार! माझ्या तोंडून जे निघालं त्यात एक शब्द खोटा नव्हता.

आणि खरी आश्चर्याची गोष्ट पुढेच आहे. मी आधाराची काठी दिली, ती उस्तानं स्वतःच फेकली. पिंजऱ्यातून उठून म्हणाला, "दोमला भले आहेत, म्हणून बोलतात. मी कबूल केलंय. आता परत मोजामोजी नको." आवाज कापत होता, पण जोर लावून बोलत होता. मोजामोजीला हा माणूस का भ्यायला, काही केल्या डोक्यात शिरत नाही. मोजली असती तर सुटला असता.

सहा वर्षं.

१२ एप्रिल

ओयदिननं माझा चहा वेगळा ठेवला. समोर बसली नाही.

६ मे

झोकिर आला, हातात दगड घेऊन. डोंगरातून स्वतः फोडून आणलेला. बसलाच नाही.

"कोर्टात बोललात ते दयेनं बोललात की खरं बोललात? शक्यता-बिक्यता मला कळत नाही. हो किंवा नाही सांगा."

"हो," मी म्हणालो. "खरं बोललो."

"दाखवा."

प्रयोगशाळेत गेलो. त्यानंच दगड कुटला, त्यानंच तोलला. तवा मी धरला. आता मला हे झोपेतही येतं. काटा थांबला तिथेच थांबला. मग आम्लातला गाळ दाखवला.

त्यानं गाळ बोटावर घेतला. चोळत राहिला.

"म्हणजे बाबांनी घातली नव्हती."

"कुणीच घातली नव्हती."

"मग मी कोर्टात काय सांगून आलो, दोमला?"

मी तवा उतरवून ठेवला.

"नेताना मला भेटू दिलं त्यांना," तो म्हणाला. "म्हणाले, 'तुझ्यावरचं मी अंगावर घेतलंय. आता तरी सरळ राहा.' मला इतका राग आला! म्हटलं, म्हातारा स्वतःचं पाप माझ्या डोक्यावर ठेवून साव होतोय. थुंकलो मी, दोमला. त्यांच्या पायाशी थुंकलो."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. फळ्यासमोर उस्तानं दाराकडे का पाहिलं. का अंगठा उठवला. मोजामोजीला का भ्यायला. माझ्या गणितावर त्या खोलीत एकाच माणसाचा पुरता विश्वास बसला होता. तो म्हणाला असेल, दोमला सांगतात की कुणीतरी घातली, मी तर घातली नाही, मग भट्टीवर दुसरं आहे कोण? आणि झोकिरनंही तेच गणित मांडलं, उलट्या बाजूनं.

"आपण जाऊ त्यांच्याकडे," मी म्हणालो. "मी स्वतः सांगतो."

२० मे

जाऊन आलो. तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत लांब टेबल, पलीकडे तो, अलीकडे आम्ही. केस भादरलेले, भुवया आता काळ्या दिसत होत्या. त्या इतक्या काळ्या आहेत हे मला माहीतच नव्हतं. झोकिरनं आणलेली भाकरी पहारेकऱ्यानं आधीच तोडून पाहिली होती.

मी या वेळी शक्यता वगैरे काही म्हणालो नाही. सरळ सांगितलं. "उस्ता, चूक माझी आहे. दगडातच माती असते. तुम्ही घातली नाही, झोकिरनं घातली नाही. मी तीनदा भाजून पाहिलं. वर अर्ज करणार आहे, माझ्या सहीनं." मुख्याध्यापकपद गेलं तर गेलं, हेही बोलून टाकलं. ते सांगायची काय गरज होती कोण जाणे.

तो ऐकत होता. त्या दिवशी फळ्यासमोर ऐकत होता तसाच, कान देऊन.

"दोमला," शेवटी तो म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही समजावलंत ते मी पाठ केलंय. इथे पडल्या पडल्या म्हणतो. पाणी जातं ते ठरलेलं. कमी नाही, जास्त नाही. नियम आहे."

"नियम आहे, पण दगड..."

"पोरगा तुमच्याकडे रडत आला असेल. तुम्हाला दया आली. चांगल्या माणसाला येते. पण असल्या कारणासाठी विद्या खोटी पाडू नका हो. पोरं तुमच्याकडून शिकतात."

"बाबा!" झोकिर ओरडला. "मी घातली नाही! खरंच नाही घातली!"

पहारेकऱ्यानं टेबलावर हात आपटला. उस्तानं पोराकडे पाहिलं. राग नव्हता नजरेत, असता तर बरं झालं असतं. त्यानं टेबलावरून हात पुढे केला, झोकिरच्या मनगटावर ठेवला.

"कशाला शपथा घेतोस," तो हळू आवाजात म्हणाला. "मी कधीच माफ केलंय तुला. जा, घरी जा."

परतीच्या बसमध्ये झोकिर माझ्या शेजारी बसला नाही. जागा रिकामी होती तरी पुढे जाऊन उभा राहिला.